लाकडी मोटारीतला उंदीर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण हा किस्सा सांगताना मला अजून घाम फुटतो, आणि समोरचा हसत असला की जास्तच फुटतो. तीसेक वर्षं झाली त्याला. माणसाच्या हातून घोटाळा होतो, तो निस्तरतो आणि विसरतो. माझा घोटाळा मी विसरायचं म्हटलं तरी पनवेलची माणसं विसरू देत नाहीत. आणि घोटाळा तरी कशात केला मी? साध्या दारात नाही, खिडकीत नाही. मोटारीत! तेही अमेरिकेतल्या!

मी होड्या बांधणारा सुतार. घर खाडीकाठी. वडीलही हेच करायचे. मोटारीशी माझा संबंध एवढाच, की रस्ता ओलांडताना मी तिला आधी जाऊ देतो.

पण ही मोटार निराळी होती. आमच्या डॉक्टरसाहेबांच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या डॉक्टरांनी, ती फार पूर्वी मुंबईच्या कुणा गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. पुढून बघाल तर पत्र्याची. फुगवलेलं नाक, मोठाले डोळे. आणि मागचं सगळं अंग लाकडाचं! खोटं नाही सांगत. दारं लाकडाची, बाजू लाकडाच्या, मागचा दरवाजा लाकडाचा. आत गडद फळ्या आणि भोवती फिकट लाकडाची चौकट. मोटार बांधता बांधता पत्रा संपला, म्हणून कुणीतरी घरातलं कपाट आणून जोडलं असावं, अशी दिसायची.

तिचं खरं नाव इंग्रजी होतं, लांबलचक. ते माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. गावात सगळे तिला लाकडी मोटारच म्हणायचे.

नवा माणूस तिला बघून हसायचा. "हिला पेट्रोल लागतं का सरपण?" "वाळवी लागली तर मेकॅनिककडे न्यायची का सुताराकडे?" असली थट्टा चहाच्या टपरीवर रोजची. पण थट्टा करणाराही ती गेल्यावर मान वळवून दिसेनाशी होईपर्यंत बघायचा, हे मी पाहिलेलं आहे. थोरले डॉक्टर तिच्यातून कर्नाळ्याच्या बाजूच्या वाड्यांवर रोगी बघायला जायचे. मागची बाकं काढली की आजारी माणसाला आडवं निजवता यायचं. त्या मोटारीत जो आडवा झाला तो आपल्या पायांनी घरी आला, असं बायका म्हणायच्या. माझी थोरली लेक तर तिच्यातच जन्मली. दवाखाना चार हातांवर राहिला असताना! तेव्हा मी त्या लाकडी दाराला डोकं टेकवून बाहेर उभा होतो. लोकांसाठी ती अमेरिकेची असेल, माझ्यासाठी ती घरातली होती.

पुढे थोरले डॉक्टर गेले. मोटार बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बरीच वर्षं उभी राहिली. बंदर सुरू झालं, मोठे मोठे ट्रक धावायला लागले, डबीएवढ्या नव्या मोटारी आल्या. लाकडी मोटार कुणाला आठवेना.

आणि एके दिवशी मी एका होडीच्या पोटाखाली उताणा पडून काम करत होतो, तर शेजारी पॉलिश केलेले बूट येऊन थांबले. बघतो तर डॉक्टरसाहेब!

"धर्माभाऊ, तुम्ही फळी वाकवता ती कशी हो?"

"शेक देऊन, सायेब. का?"

"आमच्या नीलूचं लग्न ठरलंय. पेणला दिली. आजोबांनी तिला लहानपणी सांगितलं होतं, तुझी पाठवणी या मोटारीतून करीन. पोरगी हट्टाला पेटली आहे. इंजिन मिस्त्रीने चालू केलं, पण लाकूड कुजलंय. मुंबईचा माणूस म्हणतो, लाकूड काढा आणि पत्रा मारा. नीलू म्हणते, मग मी चालत जाईन पेणला."

"मोटार मी कधी केली नाय, सायेब."

"होडी करता की. हिला तर पाण्यातही जायचं नाही."

"मंग सोपं हाय," मी म्हटलं. "बुडायची तरी नाय."

आता कळतं, हे वाक्य मी बोलायला नको होतं.

दहा दिवस मी त्या मोटारीत राबलो. काय सांगू तिचं लाकूडकाम! कोपऱ्यातले सांधे असे कापलेले, जशी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत. ते कापणारा सुतार कुठला, कोण, जिवंत तरी आहे का, मला काय माहीत? पण पहिला सांधा मोकळा केला तेव्हा मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. माणसाचा हात कळतो हो. भाषा नाही कळली तरी हात कळतो. त्याच्या हाताशेजारी माझा हात हलका दिसू नये, एवढीच मला काळजी. सागाच्या फळ्या निवडून आणल्या, शेक देऊन वाकवल्या, बसवल्या. फटीतून पाण्याचा थेंब आत जाणार नाही अशा बसवल्या. नीलू रोज चहा घेऊन यायची आणि फळीवरून हात फिरवून जायची. "धर्माकाका, आजोबा असते तर तुम्हाला मिठी मारली असती," म्हणायची. मी खाली बघून रंधा चालवायचो.

लग्नाला चार दिवस राहिले आणि काम संपलं. राहिला शेवटचा हात.

आमच्याकडे होडी पुरी झाली की तिला मुशीचं तेल पाजतात. मुशी हा मासा. तिच्या काळजातून तेल काढतात, ते लाकडात मुरवलं की ऊन, खारं पाणी, किडा, काही म्हणजे काही शिवत नाही. माझ्या बापाने पाजलं, त्याच्या बापाने पाजलं. मी घरून डबा भरून आणला आणि संध्याकाळी मोटारीला अंगभर पाजलं. सगळ्या फळ्या मधासारख्या चमकायला लागल्या.

डॉक्टरसाहेब घाईघाईने दवाखान्यात निघाले होते. त्यांना सर्दी झालेली. लांबूनच विचारलं, "कसलं तेल आहे, धर्माभाऊ?"

"लाकडाचं तेल हाय, सायेब."

खोटं बोललो का मी? आमच्यात ते लाकडालाच लावतात!

तुमच्या डोक्यात आत्ताच उजेड पडला असेल. पडू द्या. माझ्या डोक्यात पडायला तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ व्हावी लागली.

एक गोष्ट लक्षात घ्या. डॉक्टरांच्या घरात तीन पिढ्यांत माशाचा काटा शिरलेला नाही. त्या माणसांना मासा कसा दिसतो ते चित्रातून माहीत, वास कसा येतो ते माहीतच नाही. आणि मी? मी त्याच वासात जन्मलो, वाढलो, निजलो. तुम्हाला हवेचा वास येतो का? तसं माझं.

दुसऱ्या दिवशी वैशाखाचं ऊन त्या पत्र्याच्या शेडवर तापलं. दुपारी मी हत्यारं आवरायला गेलो, तर डॉक्टरीणबाई, आमच्या वहिनी, पदर नाकाला लावून अंगणात उभ्या!

"धर्माभाऊ, शेडमध्ये काहीतरी मेलंय हो!"

मी चरकलो. का सांगतो. चार दिवसांपूर्वी डाव्या बाजूची फळी बसवताना एक उंदीर मोटारीखालून आत पळताना मला दिसला होता. बाहेर येताना दिसला नव्हता. मी तेव्हा फळी ठोकून मोकळा झालो होतो.

म्हणजे मी त्याला जिवंत चिणला! शाकाहारी घर, लग्नाची मोटार, आणि मी तिच्यात एक जीव कोंडून मारला!

"तुमाला वास येतोय, वहिनी?" मी हळूच विचारलं.

"येतोय? अहो, डोळ्यांत पाणी येतंय! तुम्हाला येत नाही?"

मी जोरात श्वास घेतला. नव्या सागाचा छान वास येत होता. पण भीतीने म्हटलं, "येतोय थोडा."

इथे माझं खरं चुकलं बघा. येत नाही म्हणालो असतो तर कुणीतरी विचार केला असता.

एवढ्यात मांजरं आली. आधी एक आलं, मग तीन, मग मोजायचं सोडून दिलं. मोटारीच्या डाव्या बाजूला ओळीने बसली आणि फळीकडे टक लावून बघायला लागली. एक तर फळी चाटत होतं.

"बघा!" वहिनी म्हणाल्या. "मांजरांना बरोबर कळतं. उंदीरच आहे!"

आता मांजरं साक्षीला उभी राहिल्यावर मी काय बोलणार? मी कबूल केलं. हात जोडून उंदराची सगळी हकिकत सांगितली. वहिनी बिचाऱ्या समजूतदार. म्हणाल्या, "मुद्दाम थोडंच केलंत? पण यांना कळायच्या आत काढा बाई तो."

मी डाव्या बाजूच्या फळ्या काढल्या. दहा दिवसांचं काम माझ्या हातांनी उचकटलं. उंदीर नाही! शेपूट नाही, केस नाही. पुन्हा फळ्या बसवल्या. आता फळी काढून बसवली की कडा खरवडतात, लाकूड उघडं पडतं. उघडं लाकूड मला बघवत नाही. म्हणून काय केलं असेल मी?

बरोबर. पुन्हा तेल पाजलं.

तिसऱ्या दिवशी वास रस्त्यापर्यंत गेला. डॉक्टरांची सर्दी एका श्वासात बरी झाली. ते नाकाला रुमाल बांधून शेडच्या दारात उभे.

"हा एक उंदीर नाही, धर्माभाऊ. हे कुटुंब आहे."

मी उजव्या बाजूच्या फळ्या काढल्या. काही नाही. बसवल्या. तेल पाजलं. वहिनींनी धूप घातला. डॉक्टरांनी फिनेल ओतलं. धूप, फिनेल आणि माझं तेल मिळून जे काही झालं, त्याने शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. पत्र्यावर कावळे जमले. मांडव घालायला आलेली माणसं म्हणाली, मांडव जरा पुढच्या अंगाला घालू का?

त्या संध्याकाळी डॉक्टर पायरीवर बसून वहिनींना सांगत होते, "टॅक्सी सांगून ठेवतो. पांढरी, हार घालून. दुसरं काय करणार?" आत नीलू रडत होती. मोठ्याने नव्हे, पण शेडपर्यंत ऐकू येत होतं. मी त्या मोटारीच्या दाराला टेकून उभा होतो. डॉक्टर माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. ते मला म्हणाले, "जेवून घ्या, धर्माभाऊ. सकाळपासून उपाशी आहात."

मी जेवलो नाही. घरी निरोप धाडला, उशीर होईल. मागचा दरवाजा तेवढा उघडायचा राहिला होता.

दरवाजाच्या फळ्या खाली घेतल्या, तेवढ्यात माझी बायको चांगुणा भाकरीचं फडकं घेऊन फाटकातून आत आली. ती बाजारात मासे विकते. तिच्या जिभेसमोर मोठमोठे व्यापारी गप्प बसतात. अंगणाच्या मध्यावर ती थांबली. नाक वर केलं, इकडे तिकडे बघितलं.

"आवं, हितं होडी कुनी आनली?"

"होडी कुठली? मोटार हाय ती. गप बस. उंदीर मेलाय आत."

"उंदीर?" ती शेडमध्ये आली. मांजरांना पायाने बाजूला सारलं, फळीला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू आमच्या लग्नात मी चुकून दुसऱ्याच मुलीला हार घालताना तिला सापडलोय.

"धनी, तुमी बामनाच्या मोटारीला मुशीचं तेल लावलाव?"

"मंग लाकडाला काय लावतात?"

"किती येला?"

मी बोटं मोजली. "तीन येला. मागच्या दाराला आता लावनार हाय."

चांगुणा मटकन खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. जवळ जाऊन बघतो तर पदर तोंडात कोंबून हसत होती. हसता हसता म्हणाली, "आवं, तीन दिस तुमी तुमालाच शोधताव!"

मला हसू आलं नाही. मी तसाच पायरीपाशी गेलो. डॉक्टर आणि वहिनी बसले होते, दारात नीलू उभी होती. मी सगळं सांगितलं. मुशी काय, तिचं काळीज काय, आमच्याकडची रीत काय.

डॉक्टरांनी विचारलं, "धर्माभाऊ, तुम्हाला वास येत नव्हता?"

"लाकडाचा येत होता, सायेब."

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आम्ही फिनेल ओतलं ते..."

"आणि मी सकाळी उंदराच्या आत्म्यासाठी दिवा लावला तो..." नीलू म्हणाली आणि रडता रडता तिला असं हसू फुटलं, की खांब धरावा लागला. मग डॉक्टर हसले. हसताना नाकावरचा रुमाल सुटला, मग खोकले. पण हसून वास जात नाही. लग्नाला दोन दिवस होते.

"टॅक्सी सांगू नका," मी म्हटलं. "मना दोन दिस द्या."

सगळ्या फळ्या खाली घेतल्या. साबणाने, सोड्याने घासून उन्हात टाकल्या. वाळल्यावर एकेकीवर रंधा मारून वरचा थर उतरवला. साग जातिवंत, तेल फार खोल गेलं नव्हतं. मग पुन्हा बसवल्या आणि वरून लाखेचं पॉलिश, हातावर हात, हातावर हात. ते करताना माझा माझ्या नाकावर काडीचा भरवसा नव्हता. दर तासाला नीलूला हाक मारायचो. हातांना मेंदी लावलेली ती पोरगी मांडवातून यायची, वाकून फळीचा वास घ्यायची आणि सांगायची, "काका, अजून थोडा." मग, "काका, अगदी पुसट." आणि लग्नाच्या आदल्या दुपारी, "काका, गेला!"

मांजरंही गेली. त्यांच्यावर माझा जास्त विश्वास होता.

लग्नाच्या दिवशी मी दोनदा आंघोळ केली. वासाचा साबण लावला. परीटघडीचा सदरा, टोपी. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं होतं, "मोटारीचं दार तुम्हीच उघडायचं." संध्याकाळी लाकडी मोटार मांडवाच्या दारात उभी राहिली. फुलांच्या माळा घातलेल्या, उन्हात फळ्या झळकत होत्या. पेणचे वऱ्हाडी तिच्याभोवती जमले. म्हाताऱ्यांनी ओळखलं, "अरे, ही तर थोरल्या डॉक्टरांची!" कुणी दाराला हात लावून कपाळाला लावला. एकाने विचारलं, "लाकूडकाम कुणी केलं हो?" मी दाराची मूठ धरून ताठ उभा राहिलो. एवढा ताठ मी माझ्या लग्नातही नव्हतो.

नवरा-नवरी आली. मी दार उघडलं. नवऱ्या मुलाची आत्या पुढे आली, थबकली आणि नाकाला पदर लावला.

"अगंबाई, कसला वास येतोय?"

वहिनींचा चेहरा पांढरा, नीलूचा त्याहून पांढरा. डॉक्टर पुढे झाले. वरात थांबवून त्यांनी मोटार हुंगली, खरंच सांगतो! कोट घातलेला एवढा मोठा डॉक्टर वाकून दाराची फळी हुंगतोय, मग चौकट, मग आतली गादी. मी मूठ घट्ट धरून देवाचं नाव घेत होतो. हुंगत हुंगत ते मुठीपाशी आले. मुठीवरून माझ्या हातापाशी. हातावरून खांद्यापाशी. तिथे थांबले.

दोन दिवस मी त्या तेलकट भुशात बसलो होतो. केसांत, कानांत, कातडीत भरला होता तो. साबण त्याला काय करणार?

डॉक्टर सरळ झाले. आत्याबाईंना म्हणाले, "काही नाही, खाडीचा वारा आहे. इकडे येतो कधी कधी." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला एकट्यालाच ऐकू जाईल असं विचारलं, "धर्माभाऊ, वारा कुठून येतोय हो?"

मला समजायला जरा वेळ लागतो. मी मान वर करून नीट बघितलं आणि म्हटलं, "मागून येतोय, सायेब. माझ्याकडून मोटारीकडं." आणि बोलता बोलता समजलं.

मूठ डॉक्टरांच्या हातात दिली. वऱ्हाडाला वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला, फाटकाच्या पार पलीकडे, विजेच्या खांबाशी जाऊन उभा राहिलो. मोटार निघाली. एवढं सुंदर काम मी पुन्हा केलं नाही, आणि ते मी वीस-पंचवीस हातांवरून पाहिलं.

खांबापाशी आल्यावर नीलूने मोटार थांबवायला लावली. खिडकीतून मेंदीचा हात बाहेर काढून हाक मारली, "काका, जवळ या ना!"

मी गेलो नाही. तिथूनच आशीर्वादाला हात उचलला. पण काख उघडी पडणार नाही, एवढाच.